चीचाकोसाठी वाटाड्या: क्लोंडाइकच्या सोन्याकडे निघण्यापूर्वी

क्लोंडाइकच्या खोऱ्यात नव्याने उतरलेल्या माणसाला तिथली मुरलेली मंडळी ‘चीचाको’ म्हणत. हा शब्द उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या व्यापारी मिश्रबोलीतला असून त्याचा अर्थ नुकताच आलेला, असा सरळ आहे. ज्याने तिथे एक अख्खा हिवाळा काढला आहे, युकॉन नदी शरदात गोठताना आणि वसंतात तिचा बर्फ फुटताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, तो ‘सावरडो’, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा माणूस. हा लेख पहिल्या वर्गासाठी आहे. त्याला सव्वाशे वर्षांचा उशीर झाला आहे हे मान्य. पण १८९७ आणि १८९८ या दोन वर्षांत कॅनडाच्या या वायव्य कोपऱ्याकडे जी सुमारे एक लाख माणसे निघाली, त्यांतील बहुतेकांना जे कोणी वेळेवर सांगितले नाही, ते क्रमाने सांगून ठेवायला हरकत नाही. आपण त्या वर्षीचे प्रवासी आहोत, असे धरूनच पुढचे वाचावे.

एक गोष्ट अगदी आरंभी मनाशी पक्की करावी. या उद्योगात सोने शोधणे हे सर्वांत शेवटचे आणि वेळेच्या हिशेबाने सर्वांत लहान काम आहे. त्याआधीचे सगळे काम ओझे वाहण्याचे, लाकूड तोडण्याचे आणि बर्फ वितळण्याची वाट पाहण्याचे आहे.

निघण्यापूर्वी तारखा पाहाव्यात

ऑगस्ट १८९६च्या मध्यावर रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात सोने सापडले. जॉर्ज कारमॅक, त्याची टॅगिश जमातीची पत्नी केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि भाचा डॉसन चार्ली अशी ही मंडळी होती. पहिला कण नेमका कोणाला दिसला याबद्दल त्यांच्यातच दोन कथा आहेत. शोधाचा मानाचा खाणपट्टा मात्र कारमॅकच्या नावे नोंदला गेला. ओढ्याचे नाव लगेच बदलून बोनान्झा झाले आणि त्याला मिळणारा एल्डोराडो हा ओहोळ त्याहूनही श्रीमंत निघाला.

ही बातमी बाहेरच्या जगाला कळली ती ‘एक्सेल्सियर’ आणि ‘पोर्टलंड’ ही दोन जहाजे सोने घेऊन जुलै १८९७मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलच्या धक्क्यांना लागली तेव्हा. मधल्या अकरा महिन्यांत युकॉनच्या काठावर आधीपासून वसलेल्या खाणमजुरांनी दोन्ही ओढे टोकापासून टोकापर्यंत वाटून घेतले होते. वर्तमानपत्र हातात धरून धक्क्याकडे धावणाऱ्या माणसाला हा हिशेब कोणी समजावला नाही, आणि समजावला असता तरी त्याने ऐकला असता की नाही, कोण जाणे.

दुसरी तारीख नदीची आहे. युकॉन साधारण ऑक्टोबरात गोठते आणि मेअखेरीपर्यंत मोकळी होत नाही. म्हणजे ऑगस्टात घर सोडणाऱ्याने पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये डॉसन हे युकॉनकाठचे खाणगाव गाठायचे, अशी मनाची तयारी ठेवावी. जो म्हणतो की आपण दिवाळीच्या सुमाराला पोचू, त्याच्याबरोबर भागीदारी करू नये.

वाट निवडणे

सबंध पाण्यावरची वाट ‘श्रीमंतांची वाट’ म्हणून ओळखली जाते: जहाजाने अलास्काच्या पश्चिम टोकाजवळच्या सेंट मायकेलला जायचे आणि तिथून छोट्या आगबोटीने युकॉनमधून प्रवाहाविरुद्ध वर यायचे. यात खांद्यावर काही घ्यावे लागत नाही, म्हणून ती सोपी वाटते. १८९७मध्ये या वाटेने सुमारे १,८०० जण निघाले आणि हिवाळ्यापूर्वी त्यांतले अवघे ४३ पोचले. बाकीचे नदी गोठली तेव्हा जिथे होते तिथेच अडकले. एडमंटनहून जमिनीवरून जाणारी ‘सर्वस्वी कॅनडाची’ वाट नकाशावर सरळ दिसते. तिच्यावर काहींना दीड वर्ष लागले आणि निम्म्याहून अधिक कधी पोचलेच नाहीत. या दोन्ही वाटा सोडून द्याव्यात.

उरतात त्या दोन खिंडी. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या स्कॅगवेहून निघणारी व्हाइट पास उंचीने कमी, चढाला सौम्य, आणि म्हणूनच घोड्यांच्या तांड्यांनी भरलेली. चिखल, धारदार खडक आणि अरुंद कडे यांत तिथे सुमारे ३,००० घोडी आणि खेचरे मेली आणि वाटेला ‘मेलेल्या घोड्यांची वाट’ हे नाव पडले. सिएटलमध्ये खाटकाकडे जाण्याच्या लायकीची जनावरे चढ्या भावाने विकली गेली आणि ज्यांनी आयुष्यात कधी घोड्याला खोगीर घातले नव्हते त्यांनी ती विकत घेतली; यात घोड्यांचा दोष शून्य होता. त्याच किनाऱ्यावरच्या डायीहून निघणारी चिलकूट खिंड उंच आहे, तिचा शेवटचा चढ जनावरांना चढता येत नाही, पण तिथे निदान आपण स्वतःच्याच पाठीवर विसंबून असतो. बहुतेकांनी हीच निवडली, आणि यापुढचे वर्णन तिचेच आहे.

एक टन सामान

१८९७-९८च्या हिवाळ्यात डॉसनमध्ये अन्नाचा एवढा तुटवडा पडला की शेकडो माणसांना नदीच्या खालच्या अंगाला निघून जावे लागले. त्यानंतर वायव्य घोडेस्वार पोलिसांनी खिंडीच्या माथ्यावर चौकी बसवून नियम केला की वर्षभर पुरेल एवढे सामान बरोबर असल्याशिवाय कोणालाही कॅनडात प्रवेश नाही. अन्नधान्य सुमारे ११५० पौंड, आणि तंबू, चूल, हत्यारे, कपडे धरून सगळे मिळून साधारण एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०० किलो. अनेकांनी या नियमाला शिव्या दिल्या. हजारो माणसे त्या नियमामुळेच उपासमारीतून वाचली, हेही नोंदवले पाहिजे.

त्या काळच्या याद्यांत एका माणसासाठी साधारण असे प्रमाण दिसते: पीठ ४०० पौंड, बेकन म्हणजे खारवून धुरावलेले डुकराचे मांस १५० पौंड, सुका घेवडा १२५ पौंड, सुकी फळे ७५ पौंड, साखर, चहा, कॉफी, १५ पौंड मीठ, वाळवलेले बटाटे आणि थोडे वाळवलेले कांदे. सुकी फळे आणि बटाटे महाग वाटतात म्हणून कमी करू नयेत. का, ते पुढे हिवाळ्याच्या भागात येईल. त्याशिवाय पत्र्याची घडीची चूल, कुऱ्हाड, कुदळ, फावडे, मेणबत्त्या, काड्यापेट्या, लोकरीचे आतले कपडे, डासांची जाळी. आणि नवखा माणूस हमखास विसरतो ती वस्तू म्हणजे होडी बांधण्याचे सामान: दोघांनी ओढायची लांब करवत, खिळे, फटी बुजवायचे तागाचे धागे आणि डांबर. डोंगर चढायला निघालेल्या माणसाला होडी आठवत नाही, आणि डोंगरापलीकडे तर सगळा प्रवास पाण्यावरचाच आहे.

दुकानदार आणखी बरेच काही गळ्यात बांधू पाहील. सोने आपोआप वेगळे करणारी यंत्रे, खास क्लोंडाइकसाठी बनवलेल्या म्हणून मिरवणाऱ्या वस्तू, वाटेल तो कुत्रा ‘गाडी ओढणारा’ म्हणून. प्रत्येक वस्तू हातात घेतल्यावर एकच प्रश्न विचारावा: ही मी पाठीवर घेऊन एक डोंगर चढणार आहे का?

किनाऱ्यावर उतरताना

डायीला जहाज लागण्याजोगा धक्का नाही. आहे ती लांबवर पसरलेली चिखलाची चौपाटी. सामान लहान होड्यांतून किंवा तराफ्यांवरून चौपाटीवर टाकले जाते, घोडे पाण्यात ढकलून पोहत नेले जातात, आणि इथली भरती झपाट्याने येते. म्हणून आपल्या पोत्यांवर आधीच मोठ्या अक्षरांत नाव रंगवलेले असावे आणि उतरल्यावर दम खाण्याआधी सामान भरतीरेषेच्या वर ओढून न्यावे. पिठाचे पोते भिजलेच तर घाबरून फेकून देऊ नये. बाहेरच्या बोटभर थराची कणीक होऊन तो घट्ट आवळतो, त्याचे कवच तयार होते आणि आतले पीठ कोरडे राहते. ते पोते उघडू नये, मळू नये, तसेच वाळू द्यावे.

स्कॅगवेला उतरणे झालेच तर तिथे गोड बोलणाऱ्यांपासून जपावे. सोपी स्मिथ नावाच्या ठगाच्या टोळीने तिथे तारघर उघडले होते. घरी खुशालीची तार करायला माणसे रांग लावून पैसे मोजत, काहींना उत्तरही येई, आणि त्या उत्तरात बहुधा घरून पैशांची मागणी असे. स्कॅगवेला तेव्हा तारेची जोडणीच नव्हती. खोलीतून निघालेली तार थोड्या अंतरावर संपत होती. जुलै १८९८मध्ये धक्क्यावरच्या गोळीबारात स्मिथ मारला गेला, पण तोवर पुष्कळांचा प्रवास खिंडीपूर्वीच संपला होता.

चिलकूट: फेऱ्यांचा हिशेब

डायीपासून खिंडीपलीकडच्या बेनेट तलावापर्यंत अंतर सुमारे ५३ किलोमीटर. ऐकायला दोन-तीन दिवसांची चाल वाटते. आता टन आठवावा. एका खेपेला ३० किलो उचलले तर ९०० किलोंना ३० खेपा लागतात. ३० वेळा ओझ्यासह पुढे आणि २९ वेळा रिकाम्या हाताने मागे. सगळी वाट अशीच काढली तर ३,००० किलोमीटरांहून जास्त चाल होते, म्हणजे मुंबईहून पायी दिल्ली गाठून परत येण्यापेक्षाही अधिक. सपाट आणि गोठलेल्या भागावर घसरगाडी ओढता येते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा बराच खाली येतो. तरी बहुतेकांना या ५३ किलोमीटरांना तीन महिन्यांच्या आसपास लागले. पद्धत अशी की सामान एका ठिकाणी साठवायचे, तिथून काही किलोमीटर पुढे दुसरा साठा करायचा आणि पहिला पूर्ण हलल्यावरच तिसऱ्याकडे वळायचे.

शीप कॅम्प या मुक्कामानंतर झाडे संपतात. पुढे ‘स्केल्स’ म्हणजे तराजूची जागा. इथे भाड्याचे हमाल ओझी पुन्हा तोलतात, कारण इथून वरचा भाव वेगळा. ही वाट पिढ्यान्‌पिढ्या त्लिंगित लोकांच्या ताब्यातली व्यापारी वाट होती आणि तिच्यावरचे सर्वांत भरवशाचे वाहक तेच. ते पौंडावर भाव ठरवतात, गर्दी वाढली की भाव वाढवतात, आणि पुष्कळसे ख्रिस्ती झालेले असल्याने रविवारी ओझे उचलत नाहीत. यावर चिडणाऱ्या चीचाकोने स्वतः एक खेप करून पाहावी, मग भाव रास्त वाटू लागतो.

तराजूपासून माथ्यापर्यंत बर्फात सुमारे १५०० पायऱ्या खोदलेल्या आहेत. त्यांना ‘सोनेरी पायऱ्या’ म्हणतात. एका वेळी एकच माणूस मावेल एवढी रुंदी, बाजूला धरायला दोर, आणि खालपासून वरपर्यंत न तुटणारी काळी रांग. सगळ्यांची गती सर्वांत हळू चालणाऱ्याएवढी. दम लागला म्हणून बाजूला खोदलेल्या कोनाड्यात उभे राहिले की रांगेत पुन्हा शिरायला जागा मिळेपर्यंत ताटकळावे लागते. म्हणून पायऱ्यांच्या पायथ्याशीच पोटभर विश्रांती घ्यावी आणि पट्टे नीट आवळावेत. ओझे एका अंगाला कलले तर मध्येच दुरुस्त करता येत नाही. चढताना अंगाला घाम फुटतो आणि माथ्यावर वारा लागताच तो घाम कपड्यांतच गोठतो. वर चढताना एक सदरा कमी ठेवावा आणि तो ओझ्यात वरच्या बाजूला असावा. उतरण्याचा मात्र आनंद आहे: बर्फात पडलेल्या घळीतून बैठक मारून घसरत काही मिनिटांत खाली. रोज एक खेप झाली तरी बरी म्हणायची.

माथ्यावर साठा करताना शेजारी उंच काठी रोवून तिला खुणेचे फडके बांधावे, कारण एका रात्रीच्या बर्फात सबंध ढीग दिसेनासा होतो आणि मग शेकडो ढिगांत आपला शोधत फावडे मारत बसावे लागते. तिथेच पोलीस सामान तपासतात आणि अमेरिकेत घेतलेल्या मालावर जकात घेतात.

३ एप्रिल १८९८च्या रविवारी, ख्रिस्ती लोकांच्या झावळ्यांच्या सणाच्या दिवशी, शीप कॅम्पच्या वरच्या अंगाला बर्फाचा कडा कोसळून ६०हून अधिक माणसे दबून मेली. आधीचे काही दिवस जड, ओला बर्फ पडत होता आणि अनुभवी वाहकांनी वर जायला नकार दिला होता. ज्यांना पायऱ्या मोकळ्या सापडल्याचा आनंद झाला, ते गेले. या वाटेवर दुसरा कोणताही नियम विसरला तरी चालेल, पण त्लिंगित वाहक ओझे खाली ठेवून बसले की आपणही बसावे.

बेनेट तलावावरची होडी

इथे ओझे थांबते आणि भांडणे सुरू होतात. होडीसाठी फळ्या हव्यात, त्या झाडांतून काढायच्या. ओंडका उंच मांडवावर चढवतात, एक जण वर उभा राहतो, दुसरा खाली, आणि दोघांनी मिळून ती लांब करवत वर-खाली ओढायची. कापते ती खाली येतानाच. वरच्याला रेघ सोडू द्यायची नसते आणि पाठ मोडेपर्यंत करवत उचलायची असते. खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडत राहतो. तासाभरात वरच्याची खात्री होते की खालचा लोंबकळतो आहे, आणि खालच्याची खात्री होते की वरचा मुद्दाम भुसा पाडतो आहे. अनेक वर्षांची मैत्री या मांडवावर तुटली. भागीदारी मोडताना होडी आणि तवासुद्धा मधोमध कापून घेतल्याच्या गोष्टी सांगतात. दर अर्ध्या तासाने जागा बदलण्याचा करार पहिल्या दिवशीच करावा.

२९ मे १८९८ला तलावाचा बर्फ फुटला आणि काही दिवसांत ७,०००हून अधिक होड्या निघाल्या. त्यांत कुशल सुताराने बांधलेल्या थोड्या, बाकीच्या शवपेट्यांसारख्या खोक्यांपासून शीड लावलेल्या ओंडक्यांपर्यंत काहीही. पुढे माइल्स कॅन्यनची अरुंद घळ आणि व्हाइटहॉर्सचे खळाळ लागतात. पहिल्या काही दिवसांत तिथे सुमारे दीडशे होड्या फुटल्या आणि माणसे बुडाली. मग पोलीस अधिकारी सॅम स्टील याने हुकूम काढला की बायका-मुलांनी तो टप्पा काठाने चालतच पार करावा आणि होडी जाणत्या नावाड्यानेच न्यावी. मोडल्यास १०० डॉलर दंड. त्यानंतर अपघात जवळजवळ थांबले. नावाड्याचे पैसे वाचवण्याचा मोह झाला तर एवढ्या महिन्यांत वाहिलेला टन डोळ्यांसमोर आणावा.

डॉसनला पोचल्यावर

डॉसनचा पहिला दिवस विचित्र असतो. नदीकाठी होड्या चार-पाच रांगांत बांधलेल्या, चिखलाच्या रस्त्यावर हजारो माणसे इकडून तिकडे चालत असलेली, आणि कोणालाच कुठे जायचे नसते. कारण एव्हाना सर्वांना कळलेले असते की ओढ्यांवरची जागा केव्हाच संपली. सुमारे ३०,००० ते ४०,००० माणसे इथवर पोचली आणि त्यांतील साधारण ४,००० जणांच्याच हाती सोने लागले. अनेकांनी ओढ्यांपर्यंत जाण्याचीही तसदी घेतली नाही.

बाजारात सोन्याची भुकटीच चलन आहे, औंसाला साधारण १६ डॉलर धरून. प्रत्येक दुकानात तराजू असतो. तोलणाऱ्याच्या बोटांकडे लक्ष ठेवावे: ओली बोटे, वाढवलेली नखे, तराजूखाली अंथरलेले केसाळ कापड, सगळ्यांत थोडे थोडे सोने राहते. दारूच्या गुत्त्यांतला जमिनीवरचा भुसा धुऊन पोरे रोजची कमाई काढत. आपल्याकडे सराफांच्या दुकानांपुढची धूळ झाडून, धुऊन सोने वेचणारे झारेकरी ज्यांना माहीत आहेत, त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही.

पोलिसांशी वाकडे घेऊ नये. पिस्तूल जवळ बाळगू देत नाहीत. शनिवारी मध्यरात्री सगळे बंद होते आणि रविवारी स्वतःच्या चुलीसाठी लाकूड फोडले तरी दंड होतो. शिक्षा झालेल्याला सरकारी लाकडाच्या ढिगावर पाठवतात. तिथल्या हिवाळ्यात तो ढीग कधी संपत नाही. उन्हाळ्यात पाणी उकळूनच प्यावे. दलदलीवर वसलेल्या या गावात १८९८मध्ये विषमज्वराने पुष्कळ माणसे गेली आणि फादर विल्यम जज यांचे छोटे रुग्णालय भरून वाहत होते.

पैसा कमावण्याचा मार्ग जमिनीखालीच आहे असे नाही. बेलिंडा मलरूनी या बाईने बरोबर गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आणि कापड आणले, ते अनेकपट भावाने विकले, मग जेवणाची खानावळ, मग ओढ्यांच्या संगमावर हॉटेल काढले. जिथे सगळे फावडी घेऊन येतात तिथे ऊब विकावी, एवढे तिला खिंड चढण्यापूर्वीच सुचले होते.

खाणपट्टा आणि मजुरी

खोदायचेच असेल तर आधी १० डॉलरांचा खाणपरवाना काढावा. मोकळी जागा मिळाली तर कोपऱ्यांवर खुंट ठोकून त्यांवर नाव आणि तारीख लिहावी, आणि ठरलेल्या मुदतीत डॉसनला जाऊन १५ डॉलर भरून नोंद करावी. पट्ट्यांना शोधाच्या पट्ट्यापासून वर आणि खाली असे आकडे असतात. ‘शोधाच्या वर सोळा’ हा पत्ता तिथे आडनावापेक्षा जास्त उपयोगी. निघालेल्या सोन्यावर सरकारचा १० टक्के कर असतो, तोही हिशेबात धरावा.

जागा नसेल तर दुसऱ्याच्या पट्ट्यावर वाट्याने किंवा रोजाने काम करावे. सुरुवातीला मजुरीचा दर तासाला दीड डॉलरपर्यंत होता. चीचाकोंची झुंड आल्यावर तो उतरला. टेकड्यांकडेही पाहावे. मुरलेल्या मंडळींचे ठाम मत होते की सोने ओढ्याच्या तळाशीच असते. काही नवख्यांनी अज्ञानापोटी उतारावर वर जाऊन खणले, सगळे हसले, आणि तिथे जुन्या, वर राहून गेलेल्या नदीपात्राची पांढरी, सोनेरी वाळू निघाली. त्यांतल्या एका टेकडीचे नाव आजही चीचाको हिल आहे.

गोठलेल्या जमिनीत खणणे

इथली जमीन वर्षभर दगडासारखी गोठलेली असते. कुदळ मारली तर ठिणगी उडते. म्हणून संध्याकाळी खड्ड्याच्या तळाशी लाकडे रचून आग लावायची आणि रात्रभर जळू द्यायची. सकाळी निखारे काढून टाकले की साधारण फूटभर माती मऊ झालेली असते. ती खणायची, रहाटाने बादलीतून वर ओढायची, ढीग घालायचा आणि पुन्हा आग. खालचा कातळ कुठे तीन मीटरांवर, कुठे दहा मीटरांवर लागतो. सोने त्या कातळालगत असते. कातळ लागला की तळातून आडवे बोगदे मारायचे. धुराने डोळे सुजतात. आग विझल्यावर खाली विषारी वायू साचलेला असतो, म्हणून हवा खेळू दिल्याशिवाय उतरू नये. उन्हाळ्यात हे काम होत नाही, कारण खड्डा पाण्याने भरतो.

अधूनमधून ढिगातली पाटीभर माती झोपडीत आणून बर्फ वितळवलेल्या पाण्यात परातीत धुऊन पाहतात. परात किंचित तिरकी धरून गोल फिरवली की हलकी वाळू काठावरून निघून जाते, तळाशी काळी वाळू उरते आणि तिच्या शेपटाला पिवळे कण दिसतात किंवा दिसत नाहीत. खरा निकाल वसंतातच. बर्फ वितळून ओढे वाहू लागले की लाकडी पन्हळीतून पाणी सोडून सगळा ढीग धुवायचा. पन्हळीच्या तळाशी आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांच्यामागे सोने अडकते. सात-आठ महिन्यांचे काम काही आठवड्यांत कळते, आणि कळेपर्यंत किराणा उधारीवर.

झोपडीतला हिवाळा

ओंडक्यांची झोपडी, फटींत शेवाळ, छपरावर माती, काच नसेल तर खिडकीला रिकाम्या बाटल्या. मुरलेले लोक दाराबाहेर पारा, रॉकेल आणि औषधी अर्क यांच्या बाटल्या ओळीने ठेवतात; प्रत्येक वेगळ्या थंडीला गोठते. पारा उणे ३९ अंश सेल्सियसला गोठतो. तो घट्ट झालेला दिसला तर एकट्याने लांबच्या वाटेला लागू नये. पाय ओले झाले तर पुढे झोपडी कितीही जवळ वाटली तरी आधी थांबून आग पेटवावी.

घेवडा, पीठ आणि बेकन यांवर चार-पाच महिने गेले की स्कर्वी, म्हणजे ताज्या अन्नाच्या अभावी होणारा रोग, येते. पाय सुजतात, बोटाने दाबले तर खळगा तसाच राहतो, हिरड्यांतून रक्त येते, दात हलू लागतात. मागे सुक्या फळांचा आणि बटाट्यांचा आग्रह धरला तो यासाठी. पण वाळवणात या रोगावरचा गुण थोडाच टिकतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. स्थानिक लोकांना ठाऊक असलेला उपाय दाराबाहेरच उभा असतो: स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या हिरव्या सुयांचा काढा. कडू लागतो, रोज प्यावा. आंबवलेल्या पिठाचे विरजण मात्र जिवापाड जपावे. ते थंडीत मरू नये म्हणून चुलीवर टांगतात, प्रवासात अंगाशी बाळगतात, आणि रोज थोडे काढून थोडे पीठ घालतात. आंबोळीचे पीठ घरात पाहिलेल्याला हे शिकवावे लागणार नाही.

आपण युकॉन आणि क्लोंडाइक नद्यांच्या ज्या संगमावर तंबू ठोकतो ती तिथल्या मूळच्या हान लोकांची मासेमारीची जागा होती, हेही नवख्याला माहीत असावे. गर्दी वाढल्यावर त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी आपल्या लोकांना काही किलोमीटर खाली मूसहाइडला हलवले. मांस, मासे, मोकासिन म्हणजे मऊ चामड्याचे जोडे यांसाठी चीचाको त्यांच्याकडेच जात.

परत निघताना

शेवटची आगबोट नदी गोठण्यापूर्वी निघते, ती चुकवू नये. ऑगस्ट १८९९मध्ये अलास्कातल्या नोमच्या समुद्रकिनाऱ्यावर सोने सापडल्याची बातमी आली आणि एका आठवड्यात सुमारे ८,००० माणसांनी डॉसन सोडले. परतणाऱ्याने सामान विकायला फ्रंट स्ट्रीटवर मांडावे, पण भावाची आशा ठेवू नये, कारण दोन्ही बाजूंना तेच सामान मांडलेले असते: फावडी, पत्र्याच्या चुली, लोकरीचे सदरे, आणि ज्यांवर अजून मालकाचे नाव स्पष्ट वाचता येते अशी, सोनेरी पायऱ्यांवरून पाठीवर आणलेली पिठाची पोती. घासाघीस करू नये. मिळेल त्या किमतीत देऊन बोटीवर चढावे.